राजाचें चित्र आणि प्रजेचें चित्र : ओनोरे दोमिये

राजसत्तेला लेखणीचें भय वाटतें, ही गोष्ट आपल्या इकडील राजद्रोहाच्या खटल्यांचा इतिहास वाचलेल्या कोणाहि सुशिक्षित माणसास नव्यानें सांगावयास नको. परंतु कुंचल्याचें भय तिला लेखणीपेक्षांहि अधिक वाटतें, ही गोष्ट तितकीशी लक्षांत घेतली जात नाहीं. इ. स. 1835 च्या सप्टेंबर महिन्यांत फ्रान्सच्या सरकारानें एक कायदा केला. मतस्वातंत्र्यावरील पूर्वतपासणी पुन्हा कधींहि सुरू केली जाणार नाहीं, असें अभिवचन त्या देशाच्या 1830 च्या सनदेंत स्पष्टपणें दिलेलें होतें. तें न मोडल्यासारखें दाखवून मोडावयाचें कसें, हा प्रश्न मंत्र्यांपुढें पडला आणि त्यांनीं तो मोठ्या चतुराईनें सोडविला. सनदेचें संरक्षण आहे तें मताला. पण चित्र हें मत नव्हेच, चित्र ही कृति होय. लेख वाचणाऱ्याच्या बुद्धीला उद्देशून असतो, चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर एकदम आघात करतें. सबब चित्राला सनद लागू नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या बळावर लेख पूर्वतपासणीवांचून छापण्याची मुभा कायम राहिली आणि चित्राला मात्र आधीं सरकारी परवानगी लागूं लागली.

कायद्याच्या तोंडून एखाद्या कलेचा इतका गौरव क्वचितच झाला असेल! ज्यांच्या चित्रांमुळें मंत्र्यांना ही युक्ति शोधावी लागली, त्या मंडळींत ओनोरे दोमिये हा सत्तावीस वर्षांचा तरुण प्रमुख होता. पुढें हाच मनुष्य एकोणिसाव्या शतकांतील व्यंगचित्रकारांचा मुकुटमणि ठरला. त्याच्याविषयीं रसिकांत असें एक मत आढळतें कीं, ह्या बंदीनें त्याचें हितच केलें. राजाची थट्टा करण्याचें त्याला बंद झालें म्हणून तो मनुष्यमात्राकडे वळला आणि चार दिवसांच्या राजकारणांतून चिरंतन कलेंत गेला. हें मत ऐकावयास गोड आहे. परंतु त्यांत एक घातक सूचनाहि दडलेली आहे. कलेला बेडी हितकर असते, असें एकदां कबूल केलें म्हणजे बेड्या घालणाराला कलेचा आश्रयदाता म्हणण्याची पाळी येते. म्हणून दोमियेच्या चरित्राच्या आधारें ह्या मताची थोडी परीक्षा करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दोमियेचा जन्म 26 फेब्रुवारी 1808 रोजीं मार्सेय बंदरांत झाला. बाप खिडक्यांना काचा बसविणारा कारागीर. पण त्याच्या डोक्यांत कवि होण्याचें वेड शिरलेलें. त्या वेडापायीं त्यानें पॅरिसची वाट धरली आणि मागाहून कुटुंबालाहि तेथें नेलें. कीर्ति दूरच राहिली. दारिद्र्य मात्र पदरीं आलें. ओनोरेला लहान वयांतच कामाला लागावें लागलें. प्रथम कोर्टाच्या एका बेलिफाच्या हाताखालीं निरोप्या म्हणून आणि नंतर एका पुस्तकाच्या दुकानांत त्यानें नोकरी केली. जप्तीच्या नुसत्या नांवानें पांढरीं पडणारीं तोंडें, न्यायमंदिराच्या पायऱ्यांवर ताटकळणारे पक्षकार, काळे झगे फडफडवीत जाणारे वकील, हें सारें त्यानें ज्या वयांत पाहिलें, त्या वयांत पाहिलेलें मनुष्य सहसा विसरत नाहीं. चित्रकलेचें कांहीं शिक्षण त्याला मिळालें. पण त्याची खरी शाळा रस्ता हीच होती.

त्याच्या हातीं जें साधन आलें, तें आपणांस परकें नाहीं. आपल्याकडे एके काळीं पोथ्या ज्यावर छापल्या जात, तोच हा शिळाप्रेस. गुळगुळीत घासलेल्या दगडावर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, दगड भिजवावयाचा आणि त्यावर शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या दगडाला शाई धरत नाहीं, तेलकट रेघ तेवढी धरते, आणि वर कागद दाबला कीं चित्र उठतें. तांब्याच्या पत्र्यावर किंवा लांकडावर चित्र कोरावयाचें तर बहुधा दुसऱ्या कारागिराचा हात मध्यें येतो आणि वेळहि फार जातो. दगडावर मात्र चित्रकाराची रेघ जशीच्या तशी कागदावर उतरते आणि आठवड्यांतली गोष्ट आठवड्याच्या आंत लोकांपुढें येते. नियतकालिकांतील व्यंगचित्राला खरें बळ आलें तें ह्या दगडामुळें.

1830 च्या जुलै महिन्यांत पॅरिसमध्यें क्रांति झाली. मुद्रणस्वातंत्र्य हिरावून घेणाऱ्या दहाव्या चार्ल्स राजाच्या फर्मानांनीं ती पेटविली होती. तो राजा पळाला आणि लुई फिलिप हा 'नागरिकांचा राजा' म्हणून गादीवर आला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत शार्ल फिलिपों ह्या धाडसी संपादकानें 'ला कारिकात्यूर' हें साप्ताहिक काढलें आणि दोमिये त्याच्या चित्रकारांत सामील झाला. नव्या राजाला आपल्या जन्माचा लौकरच विसर पडला आणि खटल्यांचें सत्र सुरू झालें. त्यांतील 1831 मधील एका खटल्यांत फिलिपोंनें न्यायाधीशांपुढें चार आकृति काढून दाखविल्या. पहिली राजाच्या मुखाची. पुढच्या दोन क्रमाक्रमानें बदलत जाणाऱ्या. चौथी निव्वळ नासपातीची. वर रुंद व वरती निमुळतें नव्हे, तर वर निमुळतें आणि खालीं गालफडांकडे फुगलेलें असें राजाचें डोकें खरोखरच त्या फळासारखें होतें. शिवाय फ्रेंच बोलींत त्या फळाच्या नांवाचा अर्थ 'भोळसट' असाहि होतो. ह्यांतील कितव्या आकृतीपासून गुन्हा सुरू होतो, असा फिलिपोंचा प्रश्न होता. न्यायालयानें प्रश्नाला उत्तर न देतां शिक्षा दिली. परंतु पॅरिसच्या भिंतींनीं तें फळ उचललें आणि जेथें तेथें पोरेंसोरें राजाचें चित्र काढूं लागलीं.

दोमियेवर पाळी यावयास फार दिवस लागले नाहींत. 1831 च्या अखेरीस त्यानें 'गार्गांत्युआ' हें चित्र काढलें. जुन्या फ्रेंच कथेंतील त्या खादाड राक्षसाच्या रूपानें राजा सिंहासनावर बसला आहे. त्याच्या उघड्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक फळी लावलेली आहे. फाटक्या कपड्यांतील रयत आपला पैसा टोपल्यांत टाकीत आहे आणि त्या टोपल्या फळीवरून राजाच्या घशांत रित्या होत आहेत. सिंहासनाच्या खालून पदव्या, सनदा व नेमणुका बाहेर पडत असून दरबारी मंडळी त्या झेलण्यासाठीं धडपडत आहेत. ह्या चित्राबद्दल फेब्रुवारी 1832 मध्यें त्याला सहा महिन्यांची कैद व पांचशें फ्रँक दंड अशी शिक्षा झाली, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें त्याची सेंत पेलाजीच्या तुरुंगांत रवानगी करण्यांत आली.

तो कैदेंत असतांच, 1 डिसेंबर 1832 रोजीं, फिलिपोंनें 'ल शारिवारी' हें व्यंगचित्रांचें दैनिक सुरू केलें. विजोड लग्न केलेल्या किंवा लोकांच्या नजरेंतून उतरलेल्या माणसाच्या दारांत रात्रीं थाळ्या-तपेलीं बडवून गोंगाट करण्याची फ्रान्सच्या खेड्यांत जी जुनी चाल होती, तिचें नांव 'शारिवारी'. ह्या नांवाची संतति दूरवर पसरली. लंडनमध्यें 1841 सालीं निघालेल्या 'पंच'नें आपणास 'लंडनचा शारिवारी' असेंच उपनांव घेतलें. आणि त्या 'पंच'चें अनुकरण करीत लखनौचा 'अवध पंच' व मुंबईचा 'हिंदी पंच' हे निघाले. तेव्हां त्या फ्रेंच तपेल्यांचा आवाज एका अर्थानें मुंबईच्या रस्त्यांपर्यंत येऊन पोंचला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तुरुंगांतून सुटल्यावर दोमियेचा हात ढिला पडला नाहीं. उलट त्याची नजर अधिक खोल गेली. विधिमंडळांतील मानकऱ्यांचीं मस्तकें त्यानें मातीचीं बनविलीं. त्यांपैकीं छत्तीस आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत आहेत. वीतभर उंचीच्या त्या मस्तकांत आढ्यता, आळस, लोभ व मख्खपणा अशा रीतीनें दाबून भरला आहे कीं, त्या पुढाऱ्यांचीं नांवें विसरलीं तरी ते आपणांस कोठें तरी भेटलेले वाटतात. 1834 मध्यें त्यानें ह्याच मंडळींना बाकांच्या रांगांवर बसवून 'विधिमंडळाचें पोट' हें प्रसिद्ध चित्र काढलें.

त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें पॅरिसमध्यें दंगा उसळला. त्रांस्नोनें नांवाच्या रस्त्यावरील एका घरांतून गोळी सुटली, असें म्हणून सैनिक त्या घरांत शिरले आणि त्यांनीं निःशस्त्र रहिवाशांची कत्तल केली. दोमियेनें त्या घरांतील एका खोलीचें चित्र काढलें. त्यांत राजा नाहीं, सैनिक नाहीं, नासपाती नाहीं. अस्ताव्यस्त अंथरुणाला टेकून रात्रीच्या सदऱ्यांतील एक पुरुष मरून पडला आहे. त्याच्या देहाखालीं एक लहान मूल चिरडलें आहे. एका बाजूस काळोखांत एक स्त्री आणि दुसऱ्या बाजूस एका वृद्धाचें मस्तक दिसतें. चित्राखालीं टोमणा नाहीं. रस्त्याचें नांव व तारीख, एवढाच मजकूर. फिलिपोंच्या पत्रांवरील दंड भरण्यासाठीं वर्गणीदारांस दरमहा एक मोठें चित्र देण्याची जी योजना होती, तिच्यांतलें हें शेवटचें चित्र. तें दुकानाच्या खिडकींत लागतांच लोकांची रीघ लागली. पोलिसांनीं हातीं लागलेल्या प्रति व मूळ दगड जप्त केला. तरी ज्या प्रति वांचल्या, त्या आज जगांतील मोठमोठ्या संग्रहांत आहेत.

28 जुलै 1835 रोजीं फिएस्की नांवाच्या इसमानें राजाच्या मिरवणुकीवर अनेक नळ्यांच्या यंत्रबंदुकीचा मारा केला. राजा वांचला, परंतु पुष्कळ माणसें ठार झालीं. ह्या भयंकर कृत्याच्या निमित्तानें आरंभीं सांगितलेला कायदा आला, आणि 'ला कारिकात्यूर' बंद पडलें. खून एका माथेफिरूनें केला. शिक्षा चित्रकारांना झाली.

येथून दोमियेच्या आयुष्याचें दुसरें पर्व सुरू होतें. राजा काढतां येत नाहीं, मंत्री काढतां येत नाहींत. तर मग काढावयाचें तरी काय? लमेत्र ह्या नटानें रंगभूमीवर रॉबेर माकेर नांवाचा एक भामटा गाजविला होता. फिलिपोंनें तो उचलला, मथळ्यांचा मजकूर स्वतः लिहिला आणि दोमियेनें 1836 पासून 1838 पर्यंत त्याचीं शंभर चित्रें काढलीं. आज माकेर बुडीत कंपनीचे भाग विकीत आहे, उद्यां तो वकील आहे, परवां वैद्य, तेरवां पत्रकार. झटपट श्रीमंत होण्याच्या ज्या हव्यासावर ते राज्य उभें होतें, तोच ह्या भामट्याच्या रूपानें कागदावर आला. राजाचें नांव घेण्याची गरजच उरली नाहीं. पुढें 1845 पासून त्यानें 'न्यायदानाचीं माणसें' ही मालिका काढली. खटला हरलेल्या गरीब विधवेला, निदान माझें वक्तृत्व तरी ऐकावयास मिळालें, असें समाधान देणारा वकील तिच्यांत आहे. कोर्टांतील निरोप्या पोराची आठवण वीस वर्षांनीं अशी फळास आली.

येथें त्याच्या गुणांबरोबर त्याचा एक दोषहि सांगणें प्राप्त आहे. 1844 मध्यें त्यानें लेखन करणाऱ्या स्त्रियांवर व 1849 मध्यें समाजवादी स्त्रियांवर चित्रमालिका काढल्या. पुस्तकांत गढलेली आई, रडणारें मूल आणि बिचारा नवरा, हा त्यांतील विनोद आपल्याकडेहि स्त्रीशिक्षणाच्या आरंभकाळीं पुष्कळ चालला होता. त्या चित्रांतील रेघ उत्कृष्ट आहे. परंतु बाण मात्र खालच्या दिशेनें सुटलेला आहे. ज्याला मतदानाचा हक्क नाहीं त्याची थट्टा करण्यास धैर्य लागत नाहीं, आणि त्या थट्टेला कोणत्याहि सरकारानें परवानगी नाकारली नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वरच्याकडे पाहण्याची मनाई झाली कीं विनोद कोठें घसरतो, ह्याचा हा एक धडा आहे.

फेब्रुवारी 1848 मध्यें लुई फिलिपचें राज्य कोसळलें आणि बंदी उठली. मार्चमध्येंच दोमियेनें 'माजी मंत्र्यांची शेवटची बैठक' हें चित्र काढलें : स्वातंत्र्यदेवी दार उघडून आंत येत आहे, तिच्याबरोबर उजेड येत आहे, आणि मंत्रिमंडळ खिडकींतून पळावयास एकमेकांवर पडत आहे. तेरा वर्षें बांधलेल्या हाताचें कसब किंचितहि कमी झालेलें नव्हतें. 1850 पासून त्यानें 'रातापोआल' हें पात्र निर्माण केलें. मोडकी उंच टोपी, वळवलेल्या मिशा आणि हातांत सोटा, असा हा लुई नेपोलियनचा गल्लीबोळांतला प्रचारक. त्याची मातीची मूर्तिहि त्यानें घडविली. पोलिसांच्या भीतीनें त्याची बायको ती लपवून ठेवीत असे, असें सांगतात. 2 डिसेंबर 1851 रोजीं लुई नेपोलियननें सत्ता बळकावली आणि दोनच महिन्यांत चित्रांवरील पूर्वतपासणी परत आली.

त्यापुढील काळ कष्टाचा होता. दर महिन्यास ठराविक दगड भरून द्यावयाचे, एवढाच क्रम. वर्गणीदार कंटाळले, आणि 1860 मध्यें 'शारिवारी'नें त्याला कामावरून दूर केलें. 1863 च्या अखेरीस पुन्हा बोलाविलें. मधल्या काळांत व त्यानंतर तो आपल्या मनाजोगीं तैलचित्रें व रंगीत चित्रें काढीत राहिला. सेन नदीच्या पायऱ्या मुलासह चढणारी धोबीण, डॉन किक्झोट, आणि 'तिसऱ्या वर्गाचा डबा' हीं त्या काळांतलीं. ह्या शेवटच्या चित्रांत एक तरुणी तान्ह्याला पाजीत आहे, शेजारीं करंडी मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली आहे आणि तिला टेकून एक मुलगा झोंपला आहे. ज्यानें आगगाडीच्या तिसऱ्या वर्गानें एक रात्र काढली असेल, त्याला ह्या चित्राचें भाषांतर करून सांगावें लागत नाहीं.

1870 मध्यें सरकारनें देऊं केलेलें मानाचें पदक त्यानें गाजावाजा न करतां नाकारलें. सुमारें चार हजार शिळाचित्रें काढलेल्या त्या डोळ्यांची दृष्टि अखेरीस मंदावली. पॅरिसबाहेर व्हालमोंदुआ ह्या गांवीं राहण्यास त्याचा मित्र कोरो ह्या चित्रकारानें त्याला साह्य केलें. 1878 मध्यें मित्रांनीं पॅरिसमध्यें त्याच्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें. व्हिक्टर ह्यूगो त्याचे सन्मान्य अध्यक्ष होते. परंतु प्रेक्षक थोडे आले आणि खर्चहि निघाला नाहीं. फेब्रुवारी 1879 मध्यें दोमिये वारला. अंत्यविधि सरकारी खर्चानें झाला, आणि तेवढ्यावरूनहि कांहीं वर्तमानपत्रांनीं कुरकूर केली! पुढच्याच वर्षीं त्याच्या अस्थि पॅरिसच्या पेर लाशेझ ह्या दफनभूमींत कोरोच्या सान्निध्यांत नेण्यांत आल्या.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बंदीनें दोमियेला मोठें केलें काय? ह्या मताच्या बाजूचा पुरावा म्हणजे माकेर, वकील आणि तिसऱ्या वर्गाचा डबा. हीं चित्रें चिरंजीव आहेत, आणि नासपातीचीं चित्रें आज समजावून सांगावीं लागतात, हें खरेंच. परंतु त्रांस्नोनें रस्त्यावरील त्या खोलीचें काय? तें चित्र राजकीय आहे. तें एका विशिष्ट सरकाराच्या विशिष्ट कृत्याविरुद्ध आहे. आणि तें बंदीच्या आधींचें आहे. तरीहि तें समजावयास इतिहासाची एक ओळहि वाचावी लागत नाहीं. म्हणजे मनुष्यमात्राकडे पाहण्याची दृष्टि दोमियेला 1835 च्या कायद्यानें दिली नाहीं. ती त्याच्याजवळ पूर्वींच होती. ती त्याला बेलिफाच्या कचेरीनें, बापाच्या दारिद्र्यानें आणि पॅरिसच्या रस्त्यांनीं दिली. राजाच्या चित्रांतहि तो राजा पाहत नव्हता, टोपल्या वाहणारी रयत पाहत होता.

मग बंदीनें काय केलें? तिनें फक्त घेतलें. 1835 ते 1848 आणि 1852 ते 1870 हीं वर्षें एकत्र केलीं तर चाळीस वर्षांच्या कामांतलीं जवळजवळ तीस वर्षें भरतात. तितका काळ त्या देशांतील सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या साक्षीदाराला स्वतःच्या राज्यकर्त्यांविषयीं साक्ष देण्याची मनाई होती. त्या तीस वर्षांत त्यानें काय काढलें तें आपण पाहतों व धन्य म्हणतों. काय काढलें नाहीं, तें मात्र कोणत्याच संग्रहालयांत टांगलेलें नाहीं. बांधावर रुजलेलें झाड पाहून कोणी बांधाचे आभार मानील, तर त्यानें पाण्यावांचून राहिलेल्या शेताकडेहि एकदां पाहावें.

29 जुलै 1881 च्या कायद्यानें फ्रान्समध्यें चित्रांवरील पूर्वतपासणी रद्द झाली. चित्र ही कृति आहे, असें म्हणणाऱ्या मंत्र्यांचें एक म्हणणें खरें होतें. दोमियेचें प्रत्येक चित्र ही खरोखरच कृति होती. परंतु ती कृति मोकळेपणानें करण्याची मुभा आली, तेव्हां त्याला जाऊन दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.